ऊद म्हणजे कोणता

१४ नोव्हेंबर २००५
अब्बांनी आज गुलाबाचं अत्तर मागणाऱ्या माणसाला केवडा दिला. माणूस नेहमीचा. वरघनेभाऊ, शाळेतले निवृत्त शिपाई. मनगटावर लावून घेतला, हुंगला आणि हसले.
"शेखभाऊ, म्हातारपणी मस्करी सुचून राह्यली काय?"
अब्बाही हसले. "पाह्यलं, तुमचं नाक शाबूत हाये का नाई."
बाटली बदलून दिली.
मस्करी नव्हती. मी समोरच होतो. बूच काढून त्यांनी नाकाशी धरलं होतं. एकदा नाही, दोनदा. मग दिला.
केवडा आणि गुलाब! ही चूक मी केली असती तर मला पायरीवर उभं केलं असतं.
दुपारी बाटल्या पुसल्या. चिठ्ठ्या सगळ्या माझ्या अक्षरातल्या. अब्बा त्या कधी वाचत नाहीत, हात घालतात आणि बरोबर तीच बाटली निघते. आज चष्मा लावून वाचत होते.

१७ नोव्हें.
दूध उतू गेलं आणि करपलं. आपा मोरीत तिच्या बाळाला आंघोळ घालत होती. मला दुकानात वास आला म्हणून मी आत धावलो. अब्बा चुलीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. पान उलटलं त्यांनी, माझ्यासमोर.
आपा ओरडली, "अब्बा! बाजूला बसून दूध जाळलं तुम्ही!"
"खयाल नहीं रहा, बेटा."
मी भांडं उतरवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
रमजानात त्यांना ताप आणि जबर सर्दी होती. ताप गेला, सर्दी गेली. आम्ही समजलो, सगळं गेलं.

२२ नोव्हें.
नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणालो, मित्राच्या वडिलांना वास येत नाही.
"वडिलांना आणा."
"ते येणार नाहीत."
"मग मित्राला आणा."
मित्रही येणार नाही म्हणालो. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, सर्दीतापानंतर होतं असं. बहुतेकांचं परत येतं. काहींचं नाही. कधी येईल? सांगता येत नाही.
सायकल ढकलतच घरी आलो. या गावात अत्तर घेणारा माणूस अब्बांच्या नाकावर घेतो, बाटलीवर नाही. लोकांना कळलं तर? आणि अब्बांनी स्वतः अजून तोंडातून काढलेलं नाही. मी बोललो तर त्यांना ते माझ्या तोंडून ऐकावं लागेल.
आपाला सांगावं का. नको. तिच्या पोटात राहत नाही.

२६ नोव्हें.
मुंबईचे एक साहेब आले. देवस्थळी. वडील इथे जंगलखात्यात होते, बालपण चंद्रपुरात गेलं म्हणाले. आता सुगंधी द्रव्यांच्या एका मोठ्या कंपनीत आहेत. कंपनीला फार महागडं अत्तर काढायचं आहे, तापवलेल्या अगरच्या, म्हणजे त्या सुगंधी लाकडाच्या, वासावरून. धुराचा वास नको, लाकूड नुसतं तापलं की सुटतो तो. दुबईला जाईल, दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत जाईल. एका बाटलीची किंमत पडद्याआडून आपानं ऐकली. मला आत बोलावून म्हणाली, "त्यात पेट्रोल टाकतात काय रे?"
साहेब (पुढे सा.) म्हणाले, "माझी आई तुमच्याच दुकानातून ऊद न्यायची. तुमचे वडील बसायचे तेव्हा. तो वास अजून डोक्यात आहे माझ्या. कंपनीत अत्तर करणारे आहेत, परदेशात शिकून आलेले. पण जमलं की नाही हे सांगणारा माणूस मला इथलाच हवा. शेखभाऊ, तुम्ही हो म्हणालात की मी मुंबईत हो म्हणणार. डब्यातल्या कागदावर तुमचं नाव छापू."
अब्बा ताठ बसले. "छापा ना."
माझ्या हातून झाकण पडलं.
(ऊद दीर्घ. उदबत्ती ऱ्हस्व. आमच्या बोर्डावर पेंटरनं 'उद' केलं आहे, रोज टोचतं. साहेबांचं लक्ष गेलं नसावं.)

२७ नोव्हें.
साहेबांना करून दाखवलं. शेगडीत धावड्याचा कोळसा, त्यावर चाळलेली राख, राखेवर अभ्रकाचा पातळ तुकडा, अभ्रकावर अगरची चिपटी, नखाएवढी ढलपी. चिपटी पेटू द्यायची नाही. वास पुरा उमलला की चिमट्यानं उचलायची. धूर दिसला म्हणजे उशीर झाला. कधी उचलायची हे नाकच सांगतं, दुसरं काही नाही.
मी समोर बसलो. वास आला तसा खोकलो. अब्बांनी लगेच उचलली. साहेबांनी डोळे मिटले, "वा."
दुसरी चिपटी. खोकलो. उचलली.
तिसऱ्या वेळी राख घशात गेली आणि खरा खोकला आला, फार आधी. अब्बांनी कच्चीच उचलली.
"एवढ्यात?" सा.
"हा तुकडा हलका हाये साहेब. याच्यात दम नाई."
निभावलं.
जाताना सा. म्हणाले, "सुंदर. फक्त आईचा ऊद याहून थोडा गोड असायचा, असं वाटतं." अब्बा म्हणाले, माल माल का फरक है.
रात्री जेवताना अब्बा मला म्हणाले, "खोकल्याचं औषध घे." बस, एवढंच. याचा अर्थ काय घ्यायचा?

१ डिसें.
दमयंतीबाई आल्या होत्या. मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव, घरची माणसं तलावावर मासे धरतात. बाई बाजारात सुकट विकून परत जाताना आमच्याकडे येतात.
"भाऊ, ऊद दे. पोरीच्या लेकराले धुरी द्याची हाये."
लोबान बांधून दिला.
"चांगला हाये नं? मांगच्या खेपेले खडेच खडे होते."
"चांगला आहे बाई."
"तुह्या तोंडावर तर बारा वाजले. लगन ठरलं काय?"
अब्बा मोठ्यानं हसले. त्या गेल्यावर थोड्या वेळानं बघतो तर हिना अत्तराची बाटली उघडून बसलेले. बूच नाकाशी. डोळे मिटलेले. मी पायरीवरून मागे फिरलो, पानठेल्यावर उगाच उभा राहून आलो.

१४ डिसें.
नमुना आला. कुरिअरनं. छोटी कुपी, सोबत कागदाच्या पट्ट्या. अब्बा नमाजला गेले होते, मी उघडला.
चांगला आहे. लाकूड आहे, खोल आहे. पण मागाहून काहीतरी येतं. गोड, दुधाळ. ओळखीचं आहे, नाव सापडत नाही. तापलेल्या अगरमध्ये हे नसतं. की असतं आणि मला कधी कळलं नाही? मी असा कोण मोठा.
पुन्हा हुंगला. पुन्हा. शेवटी काहीच येईना. माझंही गेलं की काय! स्वयंपाकघरात पळत जाऊन कांदा फोडून नाकाला लावला. आला वास.
आपा म्हणाली, "पागल झाला हा."

१६ डिसें. शुक्रवार
वाईट झालं. क्रमानं लिहितो.
नमाजनंतर साहेबांचा फोन. अब्बांनी रिसीव्हर घेतला, दुसऱ्या हातात पट्टी. पट्टी नाकाशी नेली. मी समोर. मी ठरवलं होतं, चेहरा कोरा ठेवायचा. म्हणजे ते 'मागाहून सांगतो' म्हणतील, मग मी काहीतरी मार्ग काढीन.
तेवढ्यात आपा बाळाला घेऊन आली. बाळानं माझा कान पकडला. मी हसलो.
अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते.
"साहेब, जमलं. हाच तो."
तिकडून साहेबांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, इतका आनंद झाला त्यांना.
अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणजे मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. खोकलासुद्धा. आणि मी त्यांना चुकीचं तोंड दाखवलं.

१७ डिसें.
आज नाव सापडलं.
आपानं बाळाला न्हाऊ घातलं. निखाऱ्यावर चिमूटभर लोबान टाकला, वर टोपली उपडी ठेवली, टोपलीवर दुपटं. उबदार झाल्यावर त्यात बाळाला गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिलं. मी त्याचं डोकं हुंगलं.
तोच. कुपीतला. लोबान.
"दे इकडे," आपा म्हणाली, "काय हुंगून राह्यला गुलाबाच्या फुलासारखं."
दमयंतीबाई ज्याला ऊद म्हणतात तो हा. इथे सगळेच यालाच ऊद म्हणतात. आखातातून सुट्टीवर आलेले लोक तेवढे अगरला ऊद म्हणतात. साहेबांची आई आमच्या दुकानातून काय नेत असेल? बाईमाणूस, घरात लहान मूल. अगर कशाला नेईल!
साहेबांना आठवतो तो लोबान. कंपनी करते आहे अगर. साहेब सांगत जातात, आणखी गोड, आणखी गोड. करणारे करत जातात. डब्यावर लिहिणार तापवलेला अगर, आणि आत अब्बांचं नाव. जाणणारा माणूस पहिल्याच फवाऱ्याला हसेल.
बकरीदनंतर कंपनीचे मोठे लोक पक्कं करणार म्हणे. त्यानंतर परतीचा रस्ता नाही.

२० डिसें.
झोप नाही. दोनदा फोन हातात घेतला, ठेवला. मी काय सांगणार? अब्बा चुकले? कसे चुकले, असं विचारतील.

२८ डिसें.
अब्बांबरोबर कोळशाला गेलो, एटापल्लीला. गडचिरोलीला गाडी बदलली. पुढे रस्त्यात पोलिसांनी सगळ्यांना खाली उतरवलं, सामान तपासलं. एका जवानानं अब्बांची अत्तराची पेटी उघडली, एक बाटली हुंगून कॉलरला लावली. "चाचा, हे कोणतं?" अब्बांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खस." "खस," अब्बा म्हणाले.
गाडी सुटली. मी घरून वाक्य तयार करून आणलं होतं: 'अब्बा, तुम्हाला वास येत नाही हे मला ठाऊक आहे.' शुद्ध वाक्य. ते बाजूला राहिलं. भलतंच बोललो.
"अब्बा, तो नमुना गोड होता."
"किती गोड?"
"बाळाच्या डोक्यासारखा. न्हाल्यावरच्या."
खिडकीबाहेर बघत राहिले. सागाची पानं गळून गेलेली, पार आतपर्यंत दिसत होतं. आलापल्ली आली तेव्हा बोलले.
"लोबान."
"हो."
"मग तू हसला काऊन बे?"
"बाळानं कान ओढला."
अब्बा असे हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. हसता हसता डोळे पुसले. मग पुसतच राहिले. मी पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला.
"कधीपासून ठाऊक तुले?"
"केवडा दिला तेव्हापासून."
"हव," म्हणाले.
परत येताना एवढंच ठरलं की साहेबांशी अब्बा बोलतील. "माह्या पद्धतीनं बोलीन." पद्धत कोणती ते विचारायची माझी छाती झाली नाही.

३ जानेवारी २००६
सा. आले. पेढे घेऊन. मी शेगडी पेटवली, अब्बांनी सांगितलं होतं.
अब्बा म्हणाले, "साहेब, एक विचारू? तुमच्या घरी ऊद कशाले लागे?"
"धाकट्या बहिणीसाठी. आंघोळ झाली की आई निखाऱ्यावर टाकायची, वर टोपली ठेवायची, आणि..."
"इरफान, ऊद आण. समोरच्या डब्यातला."
मी निखाऱ्यावर लोबान टाकला.
साहेब शेगडीवर वाकले. धूर डोळ्यांत गेला तरी मागे सरले नाहीत.
"हाच," म्हणाले. "हाच आहे. हा कुठे होता इतके दिवस?"
"इथीच. हा लोबान हाये साहेब. आमच्या इकडे यालेच ऊद म्हंतात. तुम्ही अगर करून राह्यले, अन् आठवण याची टाकून राह्यले."
सा. आधी हसले. मग चष्मा काढून हातात धरला. मग मला ज्याची भीती होती तेच विचारलं, आणि आवाज मऊ नव्हता.
"मग शेखभाऊ, फोनवर तुम्ही हो कसं म्हणालात? मी तुमच्या शब्दावर मुंबईत सांगून बसलोय."
पायरीवर वरघनेभाऊ येऊन उभे होते, त्यांच्या गुलाबासाठी. मी तोंड उघडलं. माझी चूक म्हणून सांगणार होतो, पट्ट्या मी मिसळल्या, काहीही. अब्बांनी हात वर केला.
"साहेब, माह्यं नाक गेलं. रमजानात ताप आला, तवापासून. काई येत नाई. पोराच्या तोंडाकडे पाहून सांगतलं मी."
वरघनेभाऊ पायरीवरून खाली उतरले, चप्पल सापडत नसल्यासारखे वाकून बघत राहिले.
सा. म्हणाले, "डॉक्टरला दाखवलं?"
"पोरानं दाखवलं. मित्राच्या बापाचं म्हणून."
मी हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं! डॉक्टर शुक्रवारी, जुम्म्याला, अत्तर न्यायला येतात, ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

४ जाने.
काल अर्धंच लिहिलं.
साहेबांचा राग उतरला की आत गेला, कळलं नाही. म्हणाले, मुंबईला कळवून दोन नमुने करवतो. एक नुसता तापलेला अगर. दुसरा आहे तसाच, पण त्याला अगर म्हणायचं नाही. "पण आता सांगणार कोण?"
"हा," अब्बा म्हणाले.
मी म्हणालो, साहेब, मी नववी नापास आहे.
अब्बा म्हणाले, "याचं हसणं सोडलं तर बाकी सारं बरोबर असते."
सा. हसले नाहीत. मला नीट पाहून घेतलं, वरपासून खालपर्यंत. नाव छापण्याचा विषय कोणीच काढला नाही.
आपाला सगळं कळलं. ती रडली. मग मला म्हणाली, "अन् तू एकटाच घेऊन फिरत होता हे? मले सांगतलं असतं तर मी काय पेपरात देत होती?"

७ जाने.
गावात पसरलं. वरघनेभाऊंनी सांगितलं की नाही माहीत नाही. दोन गिऱ्हाइकं आली, दोघांनीही बूच स्वतःच्या हातानं काढून हुंगलं, मग घेतलं. पूर्वी कोणी असं केलं नाही. एक मावशी अब्बांशी मोठ्यानं बोलत होत्या, जणू कान गेले आहेत.
अब्बा: "बाई, मले ऐकू येते. फक्त तुमी कांदा खाल्ला का नाई तेवढं समजत नाई."
मावशी लाजल्या. अब्बा हसवतात सगळ्यांना. गिऱ्हाईक गेलं की गप्प.

१२ जाने.
काल बकरीद. आज दुकान उघडलं. वरघनेभाऊ आले. त्या दिवसापासून आज पहिल्यांदा. अब्बांना मुबारक म्हणाले, गळाभेट झाली. मग गुलाब मागितला आणि मनगट पुढे केलं. माझ्यापुढे.
अब्बा रस्त्याकडे बघत होते.
लावला. "बरोबर हाये," वरघनेभाऊ म्हणाले, तेही हळूच.

१७ जाने.
दोन्ही कुप्या काल आल्या. आज साहेबांचा फोन यायचा होता. सकाळपासून कांदा नाही, विडा नाही, कोणतंही बूच उघडलं नाही. मागे शेगडीवर एक खरी चिपटी तापवली, ताळा म्हणून. अब्बांनी स्वतः राख चाळून दिली.
पहिली पट्टी: अगर. तापलेला, धुराच्या आधीचा. मला शंका काढायला जागाच सापडेना, आणि त्याचीच भीती वाटली.
दुसरी: बाळाचं डोकं, आणि त्याच्या मागे लांबवर लाकूड.
फोन आला. अब्बांनी उचलला, "साहेब, देतो," आणि रिसीव्हर माझ्या हातात. उठून बाहेर गेले नाहीत. समोर बसले, मी बसायचो तिथे.
मी म्हणालो, "साहेब, पहिला अगर आहे. कंपनीनं अगर मागितला असेल तर पहिला. दुसरा तुमच्या आईचा आहे."
साहेबांनी विचारलं,
"तुला कोणता आवडला?"
"दोन्ही," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पण हे काही उत्तर नाही, हे मलाही कळत होतं.
"मी तिकडे बोलून कळवतो." ठेवला. कोणता पुढे नेणार, बोलले नाहीत. एका नापास पोराच्या शब्दावर ते मोठ्या लोकांपुढे उभे राहणार का, तेही कळलं नाही. संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत होतो.
दुकान बंद करताना अब्बा म्हणाले, "आता मले सांग."
"काय?"
"पहिला. कसा होता?"
"बरोबर होता."
"बरोबर तर पाढे पण असतात. कसा होता, ते सांग."
फळ्या अर्ध्या लावल्या होत्या, तशाच ठेवून बसलो. सुरुवात केली. आधी गार लाकूड येतं, म्हणालो. कोणतं लाकूड, त्यांनी विचारलं. साग नाही. पावसात भिजून पुन्हा वाळलेलं, जुनं. बरं. मग ते ऊब धरतं, आणि जुन्या पेटीतल्या कपड्यांसारखं काहीतरी येतं, पण कापूर नाही. डोळे मिटून घेतले होते त्यांनी. मान हळूहळू हलत होती.
"मग?"
मग त्याच्या पुढचं, जे खरं आहे, धूर यायच्या अगदी आधीचं. त्याला गोड म्हणावं तर लोबानही गोड. कडू म्हणावं तर कडू नाही. शाळेत शिकलेले सगळे शब्द मनात फिरवून पाहिले, एकही बसेना.
आपानं आतून जेवायला हाक मारली. अब्बा उठले नाहीत.
"मग?" म्हणाले.